माहितीचा समान अर्थ : शब्द जुळले म्हणजे अर्थ जुळला का?

मागच्या व्याख्यानात आपण नाव आणि वस्तू यांच्या संबंधाविषयी बोललो. त्यानंतर काही श्रोत्यांनी लिहून कळवलं की, हे सगळं ठीक आहे, पण याचा आजच्या इंटरनेटच्या जगाशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. म्हणून आज विषय मुद्दाम तिकडचाच घेतला आहे. वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची माहिती एकत्र आणायची असेल, तर तिचा अर्थ सगळीकडे एकच राहील याची सोय कशी करायची? संगणकवाल्यांनी गेली पंचवीस-तीस वर्षं यावर खूप काम केलं आहे. आम्ही काही संगणकशास्त्राचे नाही. आमचा सगळा काळ तत्त्वज्ञान शिकवण्यात गेला. पण या प्रश्नात आपली बरीच जुनी ओळखीची मंडळी भेटतात, असं वाचताना लक्षात आलं.

सुरुवात एका घरच्या गोष्टीने करू.

आमची थोरली बहीण लग्नानंतर इंदूरला गेली, ती तिथलीच झाली. आमची आई माघ वद्य पंचमीला गेली. दरवर्षी त्या तिथीला इकडे पुण्यात आम्ही आणि तिकडे ताई, दोघंही आईचं श्राद्ध करतो. ताईकडे दरवर्षी इथून मराठी कॅलेंडर जायचं. एका वर्षी ते पोचलं नाही. तेव्हा तिच्या नातवाने एका संकेतस्थळावर महिना माघ, पक्ष कृष्ण, तिथी पंचमी असं भरलं आणि तारीख काढून दिली. ताईने त्या दिवशी श्राद्ध केलं आणि संध्याकाळी फोन केला, "अरे, तुमच्याकडे झालं का सगळं व्यवस्थित?" आम्ही म्हटलं, "अगं ताई, अजून एक महिना आहे."

ताई फार हळहळली. आईची तिथी चुकली ही गोष्ट तिच्या मनातून कित्येक दिवस जाईना. पण आता बघा, चूक कोणाची? नातवाने शब्द बरोबर भरले. संकेतस्थळाने गणित बरोबर केलं. आमचं कॅलेंडरही बरोबर. सगळे बरोबर, आणि तरी आईचा दिवस चुकला.

कारण असं की, आपल्याकडे महाराष्ट्रात महिना अमावास्येला संपतो. याला अमान्त पद्धती म्हणतात. उत्तरेकडे आणि मध्य प्रदेशात महिना पौर्णिमेला संपतो, ती पूर्णिमान्त पद्धती. त्यामुळे शुक्ल पक्षात दोन्हीकडे महिन्याचं नाव एकच असतं, पण कृष्ण पक्षात आपण माघ म्हणतो तेव्हा ते फाल्गुन म्हणतात. महाशिवरात्र घ्या. आपल्याकडे ती माघ वद्य चतुर्दशी, उत्तरेत ती फाल्गुन कृष्ण चतुर्दशी. दिवस तोच. नावं दोन, वस्तू एक. आणि उलटही आहे. 'माघ कृष्ण पंचमी' हे नाव एकच, पण दोन पद्धतींत ते दोन वेगळ्या दिवसांना लागतं, एकमेकांपासून एक महिना लांबच्या. नाव एक, वस्तू दोन.

यात आणखी एक गंमत आहे, तिला गंमत म्हणावं की नाही कोण जाणे. आई शुक्ल पक्षात गेली असती तर ही चूक कधीच उघड झाली नसती. म्हणजे एखाद्याने ही दोन संकेतस्थळं जोडून पाहिली आणि तपासणीसाठी गुढीपाडवा, गणेशचतुर्थी, दसरा असे दिवस घेतले, तर सगळं अगदी जुळेल. हे सगळे दिवस शुक्ल पक्षातले. तो समाधानाने म्हणेल, झालं काम. अर्ध्या वेळी जुळणारा अर्थ हा मुळीच न जुळणाऱ्या अर्थापेक्षा जास्त फसवतो. मुळीच जुळला नाही तर निदान आपण थांबतो.

मूळ स्वप्न

आता इंटरनेटकडे वळू. टिम बर्नर्स-ली यांनी १९८९ साली जिनिव्हाजवळच्या सर्न या प्रयोगशाळेत वर्ल्ड वाइड वेबची कल्पना मांडली. तिचं मर्म काय? एका पानावरून दुसऱ्या पानाकडे दुवा देता येतो. पण हा दुवा पानांना जोडतो, पानांत ज्या गोष्टींविषयी लिहिलं आहे त्यांना जोडत नाही. पान वाचून अर्थ लावायचा तो माणसाने. यंत्राच्या दृष्टीने ती फक्त अक्षरांची रांग.

२००१ च्या मे महिन्यात बर्नर्स-ली यांनी जेम्स हेंडलर आणि ओरा लासिला यांच्याबरोबर 'सायंटिफिक अमेरिकन'मध्ये एक लेख लिहिला. विषय होता सिमँटिक वेब, म्हणजे असं जाल की ज्यात माहितीचा अर्थही यंत्राला हाताळता येईल अशा रूपात मांडलेला असेल. त्या लेखाची सुरुवात एका कल्पित प्रसंगाने होते. एक भाऊ आणि एक बहीण आपल्या आईच्या उपचारांच्या वेळा ठरवत आहेत. त्यांचे संगणकातले मदतनीस डॉक्टरांच्या, विम्याच्या, वेळापत्रकांच्या वेगवेगळ्या ठिकाणच्या माहितीची आपसांत सांगड घालतात आणि काम होऊन जातं. हे वाचताना आम्हाला ताईची आठवण झाली. आम्हीही भाऊ-बहीणच, आणि आमची अडचणही आईच्याच दिवसाची होती. त्या लेखातलं काम आणि आमचं काम फार वेगळं नव्हतं. दोन ठिकाणची माहिती एका अर्थाने वाचायची होती, एवढंच. ते 'एवढंच' किती अवघड आहे, ते आता पायरीपायरीने पाहू.

पहिली पायरी : नाव

पहिली पायरी म्हणजे ज्या वस्तूविषयी बोलायचं तिला निःसंदिग्ध नाव देणं. 'पुणे' हा शब्द घ्या. पुण्याची लोकसंख्या किती? २०११ च्या जनगणनेनुसार एक उत्तर सुमारे ३१ लाख, दुसरं सुमारे ५० लाख, तिसरं सुमारे ९४ लाख. तिन्ही बरोबर. पहिलं महापालिकेच्या हद्दीतल्या शहराचं, दुसरं पिंपरी-चिंचवड वगैरे धरून होणाऱ्या नागरी समूहाचं, तिसरं जिल्ह्याचं. बोलताना आपण तिघांनाही 'पुणे' म्हणतो आणि संदर्भावरून भागवून नेतो. यंत्राजवळ संदर्भ नसतो, तो त्याला पुरवावा लागतो.

म्हणून युक्ती अशी काढली की, प्रत्येक वस्तूला एक वेबचा पत्ता द्यायचा आणि तो पत्ता हेच तिचं नाव मानायचं. २०१२ साली सुरू झालेल्या विकिडेटा या मुक्त ज्ञानसंग्रहात हे चांगलं पाहायला मिळतं. तिथे मुंबईचं नाव आहे क्यू ११५६. त्या क्रमांकाखाली मराठीत 'मुंबई', इंग्रजीत 'मुम्बाय', आणखी कित्येक भाषांत आपापलं लेबल. कोणाला 'बॉम्बे' लिहायचं असेल तर तेही पर्यायी नाव म्हणून नोंदवता येतं. वस्तू बदलत नाही, लेबलं बदलतात. क्रमांकच का? कारण क्रमांकाला स्वतःचा अर्थ नसतो. त्यामुळे कुठल्या एका भाषेचा त्यावर हक्क बसत नाही.

इथे तत्त्वज्ञानाच्या विद्यार्थ्यांना फ्रेग आठवेल. १८९२ मध्ये त्याने दाखवून दिलं की पहाटेची चांदणी आणि संध्याकाळची चांदणी या दोन नावांचा आशय वेगळा आहे, पण त्यांनी दाखवलेली वस्तू एकच, शुक्र. विकिडेटाचा क्रमांक म्हणजे शुक्राला नेमका हात लावण्याचा प्रयत्न. आशय कुठला का असेना, वस्तू पकडा.

दुसरी पायरी : विधान

नाव दिलं, आता त्याविषयी काही म्हणायचं. यासाठी आरडीएफ नावाची रीत ठरली. वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने ती १९९९ साली शिफारस म्हणून प्रसिद्ध केली. रीत फार साधी आहे. कुठलंही विधान तीन भागांत मोडायचं: कशाविषयी, कोणता संबंध, कशाशी. 'मुंबई, ज्या राज्यात आहे, महाराष्ट्र.' बस. कितीही मोठी माहिती असली तरी तिचे असे त्रिक करून मांडायचे.

आपल्याकडच्या नैयायिकांना यात काहीच नवल वाटलं नसतं. 'जमिनीवर घट आहे' या ज्ञानाचं विश्लेषण करताना ते म्हणतात की इथे संयोग हा संबंध आहे, जमीन त्याची अनुयोगी आणि घट प्रतियोगी. संबंधाला दोन टोकं असतात आणि कुठलं टोक कुठलं, हे स्पष्ट सांगावं लागतं. ते उलटलं तर जमीन घटावर येते. म्हणून आरडीएफ हे न्यायशास्त्रच आहे, असा दावा आम्ही करणार नाही. असल्या दाव्यांनी टाळ्या मिळतात, ज्ञान वाढत नाही. एवढंच म्हणू की, संदिग्धता काढून बोलायचं ठरवलं की माणसं वेगवेगळ्या काळात त्याच त्या रस्त्याला लागतात.

तिसरी पायरी : समान शब्दसंग्रह

आता खरी अडचण येते. एका संकेतस्थळाने लिहिलं 'किंमत', दुसऱ्याने 'दर', तिसऱ्याने 'मूल्य'. तिघांचा अर्थ एक आहे का? किमतीत कर धरला आहे का? दर एका नगाचा की डझनाचा? इथे सगळ्यांनी मिळून एक शब्दसंग्रह ठरवायला हवा: कोणकोणत्या प्रकारच्या वस्तू आहेत, त्यांना कोणकोणते गुण असू शकतात, आणि प्रत्येक गुणाचा अर्थ काय. अशा संग्रहाला संगणकवाले ऑन्टॉलॉजी म्हणतात. शब्द आमच्याच दुकानातून नेला आहे बरं का! सत्ताशास्त्र म्हणजे जगात मुळात काय काय आहे याचा विचार. वैशेषिकांनी द्रव्य, गुण, कर्म, सामान्य, विशेष, समवाय आणि नंतर अभाव असे सात पदार्थ सांगितले, ते याच जातीचं काम.

फरक एवढाच की वैशेषिकांना अख्ख्या विश्वाची यादी करायची होती, आणि जालावर जे टिकलं ते पुष्कळ नम्र आहे. २०११ च्या जूनमध्ये गूगल, मायक्रोसॉफ्ट आणि याहू या एकमेकांच्या स्पर्धकांनी मिळून स्कीमा डॉट ऑर्ग हा सामायिक शब्दसंग्रह सुरू केला. पुढे रशियाची यांडेक्सही त्यात आली. त्यात पाककृती, कार्यक्रम, पुस्तक, दुकान, व्यक्ती अशा रोजच्या गोष्टी आहेत. संकेतस्थळाचा मालक आपल्या पानात, वाचकाला न दिसणारी, एक चिठ्ठी ठेवतो: हे पान एका कार्यक्रमाविषयी आहे, तो अमुक दिवशी सुरू होतो, अमुक ठिकाणी आहे. पुरणपोळीची कृती शोधताना यादीतच 'लागणारा वेळ' दिसतो, तो बहुधा अशाच चिठ्ठीतून आलेला असतो.

त्या चिठ्ठीत तारीख कशी लिहायची हेही ठरलेलं आहे: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस. ०३/०४ म्हणजे आपल्याकडे तीन एप्रिल आणि अमेरिकेत चार मार्च. तिथल्या आपल्या मुलाबाळांशी बोलताना हा घोळ किती जणांनी अनुभवला असेल! वर्ष आधी लिहिण्याचा नियम केल्याने तो घोळ मिटला. नियम क्षुल्लक दिसतो, पण समान अर्थ हा बहुतेक वेळा अशा क्षुल्लक नियमांवरच उभा असतो.

आणि आकड्यांनाही हे लागू आहे. आपल्याला वाटतं, आकडा तो आकडा, त्यात अर्थाचा काय प्रश्न? १९९९ च्या सप्टेंबरमध्ये नासाचं मंगळाकडे गेलेलं मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान नष्ट झालं. जमिनीवरच्या एका संगणकप्रणालीने आवेगाचे आकडे पौंड-सेकंदांत दिले, दुसरीने ते न्यूटन-सेकंदांत आहेत असं धरलं. दोन्ही गटांत हुशार माणसं होती. आकडा इकडून तिकडे बिनचूक पोचला. एकक मात्र मागेच राहिलं.

चौथी पायरी : 'हे तेच आहे'

दोन संकेतस्थळांनी एकाच वस्तूला वेगवेगळे पत्ते दिले असतील, तर त्यांना जोडायचं कसं? त्यासाठी एक संबंध ठरवला आहे, 'सेम अ‍ॅज', म्हणजे 'हे तेच आहे'. दिसायला अगदी निरुपद्रवी, पण ही सगळ्यांत धोक्याची पायरी.

लाइबनिझने तादात्म्याविषयी एक कडक अट सांगितली होती: दोन गोष्टी जर खरोखर एकच असतील, तर एकीविषयी जे जे खरं, ते ते दुसरीविषयीही खरं असलं पाहिजे. संगणक ही अट शब्दशः पाळतो. समजा, कोणी सद्‌हेतूने नोंदवलं की 'पुणे शहर' आणि 'पुणे महानगरपालिका' हे एकच. महानगरपालिकेची स्थापना १९५० सालची. झालं! यंत्र आता निमूटपणे सांगेल की पुणे शहर १९५० साली स्थापन झालं. शिवाजी महाराजांचं बालपण, पेशवाई, सगळं शहर स्थापन होण्याच्या आधीचं! यंत्र खोटं बोललेलं नाही. आपण 'तेच' म्हटलं, ते त्याने मनावर घेतलं.

२०१० साली हॅरी हाल्पिन, पॅट्रिक हेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याच दुरुपयोगाचा अभ्यास केला. लोक 'तेच' असं लिहितात तेव्हा त्यांना पुष्कळदा 'जवळचं', 'संबंधित', 'एका संदर्भात तेच' असं काहीतरी म्हणायचं असतं, हे त्यांनी दाखवलं. यावर उपायही आहे. स्कॉस नावाच्या दुसऱ्या मानकात 'अगदी जुळणारं', 'जवळपास जुळणारं', 'त्याहून व्यापक', 'त्याहून संकुचित' असे वेगवेगळे संबंध दिलेले आहेत. म्हणजे जुळणी किती, हे प्रामाणिकपणे सांगायची सोय आहे. ती वापरायची की सगळ्याला 'तेच' म्हणून मोकळं व्हायचं, हा प्रश्न तंत्राचा नाही, सचोटीचा आहे.

'ओ' म्हणजे काय?

हे सगळं कशासाठी, असं अजून कोणाला वाटत असेल तर एक उदाहरण देतो. यात तिथी नाही, जीव आहे.

रक्तगट आपण आठ मानतो: ए, बी, एबी, ओ, आणि प्रत्येकाचा पॉझिटिव्ह-निगेटिव्ह. १९५२ साली मुंबईत डॉ. वाय. एम. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक निराळाच रक्तगट जगासमोर मांडला. त्याला आज जगभर 'बॉम्बे रक्तगट' म्हणतात. भानगड काय आहे ती समजून घेऊ. रक्तपेशींवर ए किंवा बी ही द्रव्यं तयार होतात ती 'एच' नावाच्या एका मूळ द्रव्यावर. ज्याच्या पेशींवर ए नाही आणि बी नाही, पण एच आहे, तो नेहमीचा 'ओ'. बॉम्बे गटाच्या माणसात एचसुद्धा नसतं. पण पेशींची साधी चाचणी फक्त ए आणि बी शोधते. दोन्ही सापडत नाहीत, मग उत्तर येतं 'ओ'. आणि या माणसाला ओ गटाचं रक्त चालत नाही. त्याच्या रक्तात एचविरुद्धची प्रतिद्रव्यं असतात. नेहमीचं ओ रक्त दिलं तर जिवावर बेतू शकतं. त्याला रक्त लागलं तर ते बॉम्बे गटाच्याच माणसाचं लागतं, आणि भारतात अशी माणसं साधारण दहा हजारांत एक असल्याचं सांगितलं जातं.

आता कल्पना करा की तीन ठिकाणच्या रक्तदात्यांच्या याद्या आपल्याला जोडायच्या आहेत. पहिल्या यादीत 'ओ' म्हणजे 'ए आणि बी सापडले नाहीत'. दुसऱ्या यादीत 'ओ' म्हणजे 'ए, बी नाहीत आणि एच आहे हेही पाहिलं'. तिसऱ्या यादीच्या अर्जात आठच पर्याय होते, त्यामुळे बॉम्बे गटाच्या माणसाने नाइलाजाने 'ओ'वर खूण केली. जोडणी करणारा म्हणतो, तिन्हीकडे अक्षर तेच आहे, लावा 'सेम अ‍ॅज'. अक्षर जुळलं. अर्थ जुळला का?

प्रत्यक्ष रक्त देण्याआधी रक्तपेढीत पुन्हा जुळणी तपासतात, म्हणून घाबरून जायचं कारण नाही. तिथे ही चूक बहुधा पकडली जाते. पण अडचण दुसऱ्या बाजूने येते. बॉम्बे गटाच्या रुग्णासाठी रात्री दोन वाजता दाता शोधायचा आहे, आणि तो दाता जोडलेल्या यादीतल्या हजारो 'ओ'मध्ये विरून गेलेला आहे. माहिती होती. एकत्र करताना तिचा अर्थ पुसला गेला.

नैयायिक अभावाविषयी एक प्रश्न हमखास विचारतात: अभाव कशाचा? नुसता 'अभाव' असं काही नसतं, प्रत्येक अभावाला त्याचा प्रतियोगी असतो. घटाचा अभाव वेगळा, पटाचा अभाव वेगळा. 'ओ' हे अक्षर मुळात एका अभावाचं नाव आहे. तो कशाकशाचा अभाव, हे लिहिलं नाही म्हणून सगळा घोटाळा.

दुसरा एक धडा मीमांसकांकडून घेण्यासारखा आहे. 'घट दिसत नाही, म्हणून घट नाही' असं कधी म्हणता येतं? घट असता तर नक्की दिसला असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. याला योग्यानुपलब्धि म्हणतात. अंधाऱ्या खोलीत घट दिसला नाही, तर तो नाही असं ठरत नाही. सिमँटिक वेबच्या रचनाकारांनीही हाच नियम धरला आहे. एखादी गोष्ट नोंदलेली नाही, म्हणून ती खोटी असं त्यांचं तर्कशास्त्र मानत नाही. ती अज्ञात आहे, एवढंच. उलट आपल्या कार्यालयांतल्या बहुतेक याद्या 'नोंद नाही म्हणजे नाही' या तत्त्वावर चालतात. रेल्वेच्या आरक्षणाच्या तक्त्यात नाव नाही म्हणजे आरक्षण नाही, आणि तिथे ते योग्यच आहे, कारण तो तक्ता पुरा असतो. पण दोन वेगळ्या तत्त्वांवरच्या याद्या एकत्र केल्या, तर रिकामी जागा एकीत 'नाही' म्हणते आणि दुसरीत 'ठाऊक नाही'. रिकाम्या जागेचाही अर्थ ठरवावा लागतो.

हा अर्थ ठरवतो कोण?

आता शेवटच्या मुद्द्याकडे येऊ. शब्द आणि अर्थ यांचा संबंध कसला, यावर आपल्याकडे मोठा वाद झाला. मीमांसक म्हणतात, तो नित्य आहे, कोणी केलेला नाही. नैयायिक म्हणतात, तो संकेत आहे, म्हणजे 'या शब्दाने ही वस्तू समजावी' असं कोणीतरी ठरवलेलं आहे. माहितीच्या जगात वावरताना आम्हाला नैयायिकांची बाजू घ्यावीशी वाटते. इथला प्रत्येक अर्थ कोणत्यातरी समितीने, कंपनीने किंवा स्वयंसेवकाने ठरवलेला असतो. आणि गंमत बघा, मराठीत वेबसाइटला आपण 'संकेतस्थळ' म्हणतो.

संकेत ठरवला गेला म्हणजे तो ठरवणारा कोणीतरी आहे, आणि त्याला सगळ्यांचं जग माहीत असेलच असं नाही. आठ पर्यायांचा अर्ज करणाऱ्याला बॉम्बे गट आठवला नाही. तिथीचं संकेतस्थळ करणाऱ्याला आपल्या पद्धतीखेरीज दुसरी पद्धत असते हे सुचलं नाही. वाईट हेतू कोणाचाच नव्हता. पण ज्याची गोष्ट यादीत बसत नाही, त्याला शेवटी जवळच्या रकान्यात स्वतःला कोंबावं लागतं, आणि मग तो दिसेनासा होतो.

काही जण विचारतील, आता यंत्रं स्वतःच माणसांची भाषा शिकली आहेत, मग हे सगळं कशाला लिहून ठेवायचं? ती संदर्भावरून ओळखतील. ओळखतीलही, जिथे संदर्भ पानावर असेल तिथे. ताईच्या नातवाने तीन शब्द भरले होते: माघ, कृष्ण, पंचमी. त्या तीन शब्दांत अमान्त की पूर्णिमान्त, याचा काही मागमूस नव्हता. जे कुठेच लिहिलं नाही, ते शहाण्यातल्या शहाण्यालाही वाचता येत नाही. त्याला फक्त अंदाज करता येतो, आणि अंदाज चुकला तर आपल्याला कळतही नाही.

म्हणून समान अर्थाचा मार्ग सगळ्यांना एकच शब्द वापरायला लावण्याचा नाही. महाराष्ट्राने पूर्णिमान्त व्हायला नको आणि उत्तरेने अमान्त व्हायला नको. मार्ग असा की प्रत्येकाने आपला संकेत उघड सांगावा, मग जोडणारा त्यांच्यात भाषांतर करू शकतो. विकिडेटात ही शिस्त बऱ्यापैकी दिसते. तिथे पुण्याची लोकसंख्या म्हणून नुसता आकडा न ठेवता, तो कोणत्या सालचा आणि कुठून घेतला हेही त्याला जोडता येतं. दोन आकडे शेजारी शेजारी, आपापल्या सालासह, नांदू शकतात. मतभेद पुसायची गरज पडत नाही.

आपल्यापैकी बहुतेकांना संकेतस्थळं बनवायची नाहीत. पण याद्या आपण सगळेच करतो, सोसायटीच्या, ट्रस्टच्या, कुळवृत्तान्ताच्या, गावच्या वाचनालयाच्या. तेव्हा चार गोष्टी पाळता येतील. आकड्याबरोबर एकक लिहा. तारखेचा महिना अक्षरांत लिहा. माहिती कधीची आणि कोणाकडून आली ते लिहा. आणि पर्यायांच्या यादीत शेवटी 'यांपैकी नाही, वेगळं सांगायचं आहे' अशी एक जागा मोकळी ठेवा. तुमच्यानंतर ही यादी कोणीतरी दुसऱ्या यादीला जोडणार आहे, आणि तेव्हा विचारायला तुम्ही तिथे नसाल.

ताईने त्या वर्षी महिन्याभराने, आम्ही केलं त्याच दिवशी, पुन्हा श्राद्ध केलं. म्हणाली, "आईला काय, दोनदा जेवायला मिळालं." तिच्या देवघरात घरातल्या सगळ्या गेलेल्या माणसांच्या तिथी लिहिलेली एक वही आहे. त्या वहीच्या पहिल्या पानावर तिने आता एक ओळ घातली आहे: 'यातले सर्व महिने महाराष्ट्रातल्या अमान्त पद्धतीप्रमाणे आहेत.' नातवाला आणि त्याच्या मुलांना ती वही उपयोगी पडेल.

आज इथेच थांबू. पुढच्या वेळी आपण अभाव या पदार्थाकडे जरा सावकाशीने पाहणार आहोत. प्रश्न असतील तर नेहमीप्रमाणे लिहून पाठवा.